सत्तेचाळीस प्रकारची आर्डिस

आर्डिस कोव्हॅचने पक्ष सोडला त्या दिवशी काउंटरच्या अलीकडे मीच बसले होते. आमच्या काउंटीच्या कोर्टहाउसच्या तळघरात निवडणुकीचं ऑफिस आहे. तिथे मी बावीस वर्षं कारकुनी केली. मतदाराला पक्ष बदलायचा असेल तर एक पानी फॉर्म भरायचा असतो. त्यावर चौकोन असतात: लाल पक्ष, निळा पक्ष, इतर आणि शेवटी, अगदी बारीक अक्षरात, 'कोणताही नाही'.

"मला यातून काढ, ग्लेनिस," आर्डिस म्हणाली. बर्फाने भिजलेले बूटसुद्धा तिने पुसले नव्हते.

"आर्डिस, अगं, मे महिन्यात उमेदवार ठरवायची पक्षांची निवडणूक आहे. नाव काढलंस तर त्यात मत देता येणार नाही."

"चाळीस वर्षं देत आलेय. काय उगवलं त्यातून?"

तिने शेवटचा चौकोन भरला. पेन इतकं दाबून, की खालच्या कागदावर वळ उठला.

आर्डिस चौसष्ट वर्षांची होती. एकतीस वर्षं तिने शाळेची नऊ नंबरची बस चालवली. निम्म्या काउंटीला ती लहानपणापासून ओळखायची. कोण मागच्या बाकावर बसून थुंकायचा, हे ती आजही त्याच्या तोंडावर सांगायची. चिडण्यातली ती नव्हती. पण त्या फेब्रुवारीत तिच्या शेजारी राहणाऱ्या एमरिक साबोला पक्षाघाताचा झटका आला. एमरिक दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेला, एकटा माणूस. इस्पितळ त्याच्या दारातून नऊ मिनिटांवर. म्हणजे कटलर ओढ्यावरचा पूल चालू असता तर. पूल नऊ वर्षांपासून बंद होता, त्यामुळे रुग्णवाहिका वळसा घालून एकोणपन्नास मिनिटांनी पोहोचली. आर्डिस तेवढा वेळ त्याचं डोकं मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून होती. एमरिक वाचला. उजवा हात मात्र गेला.

आता त्या पुलाबद्दल. काउंटीचा कारभार तीन कमिशनर बघतात. तीन जागांसाठी प्रत्येक पक्ष दोनच उमेदवार देतो. म्हणजे चारांतले तीन निवडून येतात आणि एक पडतो. जो पडतो त्याला पुढच्या वर्षी जत्रेच्या समितीवर घेतात, म्हणजे तोही नीट पडत नाहीच. लालांचा म्होरक्या रॉस्को ट्विचेल, निळ्यांचा लीलंड प्रूइट. सोळा वर्षं दोघेही खुर्चीला चिकटून. रॉस्को म्हणायचा, निळ्यांनी पुलाचा निधी अडवला. लीलंड म्हणायचा, लालांनी मागितलाच नाही. दर चार वर्षांनी दोघांच्याही पत्रकावर त्याच पुलाचा फोटो. सभेत एकमेकांना देशबुडवे म्हणायचे आणि शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये एकाच टेबलावर पॅनकेक खायचे. लीलंड रॉस्कोला पाक वाढायचा.

आणि आमचे लोक? आमचे लोक फार हुशार. काउंटीत अठ्ठावीस हजार मतदार, त्यांतल्या आठ हजारांनी तो शेवटचा चौकोन भरलेला. हे आमचे स्वतंत्र विचारांचे नागरिक. "आपण बुवा कुणाच्या दावणीला नाही," असं कॉफीच्या दुकानात मोठ्याने सांगायचे, दोन्ही पक्षांना शिव्या द्यायच्या आणि निवडणुकीच्या दिवशी हरणाच्या शिकारीला जायचं. मीही त्यांच्यातलीच. माझ्या नावापुढेही 'कोणताही नाही' असंच होतं. ऑफिसात ते बरं दिसतं. त्याला मी निःपक्षपातीपणा म्हणायची. खरं म्हणजे मला कुणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं.

मे महिन्यात पक्षांची निवडणूक झाली आणि नेहमीचे चौघे उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी आर्डिस पुन्हा तळघरात हजर.

"अपक्ष उभं राहायला काय लागतं?"

"चारशे मतदारांच्या सह्या. ऑगस्टच्या एक तारखेपर्यंत."

"आणि पक्षवाल्यांना?"

"शंभर."

ती हसली. "म्हणजे मी चारपट लायक पाहिजे. दे कागद."

तो उन्हाळा तिने सह्या गोळा करण्यात घालवला. चर्चच्या मासळीच्या जेवणाला, पेंडीच्या दुकानाबाहेर, बेसबॉलच्या मैदानावर, काउंटीच्या जत्रेत डुकरांच्या स्पर्धेच्या शेजारी, सगळीकडे फोल्डिंगची खुर्ची आणि लाकडी पाटी घेऊन आर्डिस बसलेली. मलाही तिने जत्रेत गाठलं. ऑफिसच्या माणसाने सही करायची नाही असा नियम आहे, म्हणून मी नाही म्हणाले. असा नियम असल्याचा मला मनातून आनंदच झाला.

एकतीस जुलैला तिने सहाशे बारा सह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी शिक्का मारला. हरकती घ्यायला सात दिवसांची मुदत असते. सातव्या दिवशी चार वाजता लालांचा वकील आला आणि सव्वाचार वाजता निळ्यांचा. दोन वेगळे पक्ष, दोन वेगळे वकील, दोन वेगळ्या हरकती. घरी गेल्यावर चष्मा लावून शांतपणे वाचल्या, तर दोन्हींत चौथ्या पानावर आर्डिसचं आडनाव चुकलेलं होतं, आणि एकाच तऱ्हेने चुकलेलं. सोळा वर्षांत या दोन पक्षांनी काउंटीसाठी मिळून काही केलं असेल तर ते हे चार पानांचं टंकलेखन.

सुनावणी कोर्टहाउसच्या दुसऱ्या मजल्यावर झाली. न्यायाधीशबाई बाहेरच्या काउंटीतून आणल्या होत्या. दोन्ही वकील एकाच टेबलावर, कोपराला कोपर लावून बसले. मागच्या रांगेत रॉस्को आणि लीलंड, मध्ये एक खुर्ची सोडून. ती रिकामी खुर्ची म्हणजे त्यांचा राजकीय मतभेद. दुसऱ्या बाजूला आर्डिस एकटी, बिनवकिलाची, चर्चचा निळा कोट घालून. आणि मी मतदारयादीचा संगणक घेऊन साक्षीदाराच्या खुर्चीवर.

दोन दिवस ओळ न् ओळ वाचली गेली. यादीत 'बर्नार्ड', कागदावर 'बर्नी'. बाद. तारखेच्या रकान्यात वरच्यासारखंच म्हणून दोन टिंबं दिलेली. बाद. नवऱ्याची सही बायकोने केली. बाद, आणि ती व्हायलाच हवी होती. एका महाभागाने पत्त्याच्या जागी 'सगळ्यांना माहीत आहे' असं लिहिलं होतं. स्वतंत्र विचारांचा नागरिक! त्याला स्वतःचा पत्ता लिहायचाही कंटाळा. प्रत्येक वेळी वकील माझ्याकडे वळायचा, "यादीत काय आहे?" आणि मी खाली बघून म्हणायचे, "वेगळं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी एमरिक साबोची ओळ आली. तो स्वतः आला होता. आर्डिसने त्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

लालांच्या वकिलाने कागद पुढे धरला. "मिस्टर साबो, ही सही तुमची?"

"माझी."

"यादीत तुमची एकोणीसशे चौऱ्याहत्तरची सही आहे. ही बघा. दोन्ही सारख्या वाटतात का?"

"नाही."

"मग खरी कुठली?"

"ती उजव्या हाताची. ही डाव्या हाताची." त्याची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ढकलावा लागत होता. "उजवा फेब्रुवारीत गेला."

"त्याचा काही पुरावा?"

एमरिकने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि वकिलाच्या कागदांवर ठेवला. लाकडाचा तुकडा ठेवावा तसा. वकील खुर्चीसकट मागे सरकला.

"सही मान्य," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चांगलाच तापला होता.

तेवढ्यात निळ्यांचा वकील उठला. कष्टकऱ्यांचा कैवार घेणारा पक्ष तो, खाणीच्या संपात झेंडा घेऊन पुढे उभा राहणारा. "मॅडम, सहीबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण पत्त्यात यांनी 'कटलर' लिहिलंय. ते राहतात ते 'लोअर कटलर'मध्ये. कायद्याने ती वेगळी गावं आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. खोटं तरी कसं बोलणार? "यादीत लोअर कटलर आहे."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "कायदा मी केलेला नाही," त्या म्हणाल्या आणि ओळीवर काट मारली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये एमरिक बाकावर बसला होता. मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला. तो म्हणाला, "काय गं पोरी, सत्तर वर्षं मग मी राहतोय तरी कुठे?" त्याला खरंच विचारायचं होतं.

संध्याकाळी पाच वाजता हिशेब झाला. दोनशे तेवीस सह्या बाद. उरल्या तीनशे एकोणनव्वद. अकरा कमी. मतपत्रिकेवर आर्डिसचं नाव छापायचं नाही, असा निकाल आला. मागच्या रांगेत रॉस्को आणि लीलंड उठले, आणि सवय असल्यासारखे दोघांनी हात मिळवले. मग मी बघतेय हे लक्षात येऊन सोडले.

"आर्डिस, वाईट वाटून घेऊ नकोस," रॉस्को जिन्यात तिला म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखेच असतात."

"तुझी तिन्ही पोरं मी शाळेत पोचवली, रॉस्को. गॅबी तर रोज उशिरा यायची. मी थांबायची. नियम नव्हता तो."

आमच्याकडे मतपत्रिकेच्या तळाशी एक रिकामी ओळ असते. छापलेल्यांपैकी कुणीच नको असेल तर तिथे हाताने नाव लिहायचं आणि शेजारचा गोल भरायचा. त्या ओळीवर आजवर कुणी निवडून आलं नव्हतं. लोक तिथे कुत्र्याचं नाव लिहायचे. आर्डिसने ठरवलं की हीच ओळ.

तिच्याकडे ना कार्यकर्ते, ना फलक. तिने आपल्या कोठाराच्या भिंतीवर, कंबरेएवढ्या पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव रंगवलं, आणि खाली 'असंच लिहा'. पूल बंद असल्यामुळे ओढ्यापलीकडची सगळी वाहतूक त्या कोठारावरूनच जायची. दिवसातून दोनदा वळसा मारणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा तिचं नाव वाचावं लागायचं.

ऑक्टोबरच्या मध्यावर दोन्ही पक्षांना जाग आली. एका सकाळी पुलाच्या तोंडाशी पिवळं खोदाई यंत्र येऊन उभं राहिलं. रॉस्को आणि लीलंडने डोक्यावर पांढऱ्या टोप्या चढवून त्याच्यासमोर फोटो काढले. रॉस्कोच्या पत्रकावरच्या फोटोत लीलंड कापलेला होता आणि लीलंडच्या पत्रकावर रॉस्को. यंत्राने तीन आठवड्यांत मातीचा एक चमचाही उकरला नाही. चालक आत बसून सँडविच खायचा आणि रेडिओ ऐकायचा. मतदान मंगळवारी झालं, बुधवारी सकाळी यंत्र गेलं. त्यांनी गुरुवारपर्यंतही कळ काढली नाही.

मतमोजणी आमच्याच तळघरात. छापलेल्या नावांची मोजणी यंत्राने झटक्यात केली. रॉस्को पहिला, लीलंड दुसरा, रॉस्कोचा मेहुणा चार हजार तीनशे पस्तीस मतांनी तिसरा. मग हाताने लिहिलेल्या ओळी उलगडायला आम्ही बसलो. एवढ्या ओळी मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. एकेका पेटीतून शंभर-शंभर. बरोबर लिहिलेलं 'आर्डिस कोव्हॅच' तीन हजार तीनशे सहा. आणि बाकीच्या? 'आर्डिस कोवाक'. 'आर्डस कोव्हिच'. 'आर्डिथ कोव्हॅच'. 'मिसेस कोव्हॅच'. 'आर्डिस बसवाली'. 'नऊ नंबर बस'. एकाने नुसतंच 'कोठारावर आहे ती'. नाव लिहायच्या सत्तेचाळीस तऱ्हा, मिळून एक हजार एक्क्याण्णव मतं. नियमाप्रमाणे प्रत्येक तऱ्हा वेगळा उमेदवार. म्हणजे कागदोपत्री आमच्या काउंटीत सत्तेचाळीस बायका कमिशनरच्या निवडणुकीला उभ्या होत्या आणि एकमेकींची मतं खात होत्या.

त्या बेरजेसाठी एक फॉर्म असतो. 'वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली नावं एकाच व्यक्तीची धरावीत' असा अर्ज. पाच दिवसांत, उमेदवाराने स्वतः करायचा. ऑफिसने आपणहून सांगायचं असं कुठे लिहिलेलं नाही. सांगायचं नाही असंही कुठे लिहिलेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी रॉस्को खाली आला. मागून लीलंड. आता मधली खुर्चीही नव्हती.

"ग्लेनिस, कसं काय?" रॉस्कोने काउंटरवर कोपरं टेकली. "तो एक अर्ज असतो बघ, बेरजेचा. कुणी मागितला नाही ना?"

"नाही."

"मग उगाच कुणाला त्रास कशाला द्यायचा," लीलंड म्हणाला. "म्हातारी दमली असेल."

"आणि तुला पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय ना?" रॉस्को म्हणाला. "मोठा केक आणू आपण."

ते जिन्याने हसत वर गेले. बावीस वर्षांत ते माझ्याशी असे कितीदा तरी बोलले असतील आणि कितीदा तरी मी मान डोलावली असेल. त्या सकाळीही डोलावलीच. मान आपोआप हलली. त्याचाच मला एवढा संताप आला की समोरचा शिक्का मी उगाचच कोऱ्या कागदावर दोनदा आपटला. मला ते गृहीत धरून गेले होते, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी होतेच तशी.

जेवणाच्या सुट्टीत मी तो फॉर्म पर्समध्ये घातला आणि गाडी काढली. बंद पुलापाशी आले, वळले आणि तो वळसा पहिल्यांदा स्वतः पुरा मारला. चाळीस मिनिटं. नऊ वर्षं मी त्या पुलाच्या बातम्या फाइलला लावत होते, पण ओढ्यापलीकडे माझं कधी काही काम पडलं नव्हतं.

आर्डिस अंगणात लाकडं रचत होती.

"तू? ऑफिस जळलं की काय?"

"हा भर. आत्ता. माझ्यासमोर. उद्या पाचपर्यंत द्यायचाय."

तिने चष्मा शोधला, फॉर्म वाचला. "हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगतेय ना."

"पाच महिने काय करत होतीस?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. मी पेन पुढे केलं. तिने सही केली आणि मला आत बसवून सूप वाढलं.

पुन्हा दुसरा मजला, पुन्हा त्याच न्यायाधीशबाई, पुन्हा एका टेबलावर तेच दोन वकील. 'आर्डस कोव्हिच' ही दुसरी कुणी बाई असू शकते, असं त्यांचं म्हणणं.

"असेल तर आणा तिला," आर्डिस म्हणाली. "मलाही भेटायला आवडेल. तिची बस कुठली होती ते विचारीन."

बाईंनी सत्तेचाळीस नावं स्वतः मोठ्याने वाचली. 'नऊ नंबर बस'पाशी त्यांना हसू आवरेना. मग निळ्यांच्या वकिलाकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमच्या ऑगस्टच्या हरकतीत, चौथ्या पानावर, तुम्ही यांचं आडनाव 'कोव्हाश' लिहिलंय. तेव्हा तुम्हाला कुणाबद्दल बोलायचं होतं?"

वकिलाने लालांच्या वकिलाकडे पाहिलं. लालांच्या वकिलाने आपले कागद बॅगेत घातले.

चार हजार तीनशे सत्त्याण्णव. बासष्ट मतांनी आर्डिस कोव्हॅच कमिशनर झाली, आणि रॉस्कोचा मेहुणा जत्रेच्या समितीवर गेला.

आता कुणाला वाटेल की स्वतंत्र मतदार जागा झाला. कुणाला मत दिलं ते कळत नाही, पण कोण आलं ते यादीत दिसतं. मी नंतर बघितलं. पक्ष नसलेल्या आठ हजारांतले जेमतेम तीन हजार आले होते. म्हणजे ते सगळेच्या सगळे तिच्या बाजूने गेले असं धरलं, तरी बाकीची मतं रॉस्कोच्या आणि लीलंडच्याच घरांतून आली होती. दारावर पक्षाचा झेंडा लावून, पडद्याआड जाऊन त्यांनी गुपचूप 'आर्डिस' लिहिलं. आणि कॉफीच्या दुकानातले पाच हजार स्वाभिमानी वीर शिकारीला गेले होते. दुसऱ्या दिवशी तेच म्हणत होते, "आपण जिंकलो!"

जानेवारीत पहिली बैठक झाली. आर्डिसने पुलाचा ठराव मांडला. ठरावाला दुसऱ्या कमिशनरचं अनुमोदन लागतं. रॉस्को छताकडे बघत राहिला. लीलंड बुटाची नाडी बांधत राहिला. ठराव पडला. सोळा वर्षं ज्यांचं एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं, त्यांचं गप्प बसण्यावर झालं. दर महिन्याला हेच. आर्डिस ठराव मांडायची, दोघांची नावं घेऊन विचारायची, "रॉस्को, अनुमोदन? लीलंड, अनुमोदन?" आणि कारकुनाला सांगायची, "दोघं गप्प, असं लिही." गावातलं साप्ताहिक ती ओळ पहिल्या पानावर चौकटीत छापू लागलं. बैठकीला पूर्वी चार माणसं यायची, ऑगस्टपर्यंत दीडशे येऊ लागली. तिने 'अनुमोदन?' म्हटलं की सगळं सभागृह मान वळवून त्या दोघांकडे बघायचं.

चौदाव्या बैठकीत आर्डिसने तोंड उघडलं, आणि रॉस्को आणि लीलंड दोघेही एकाच क्षणी ओरडले, "अनुमोदन!" दोघांनाही आदल्या दिवशी उडतउडत कळलं होतं की दुसरा फुटणार. मग आधी कोण बोललं यावर अर्धा तास भांडण. ध्वनिमुद्रण तीनदा ऐकवलं गेलं. आर्डिस तोवर पाकिटातले शेंगदाणे खात बसली. पूल मंजूर झाला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये उघडला. फीत कापायला दोन कात्र्या आणाव्या लागल्या. एमरिक साबोने मात्र तो पाहिला नाही. तो त्याच वर्षी मार्चमध्ये गेला, आणि त्याची शवपेटीही वळसा घालूनच दफनभूमीत गेली. त्या वेळी आर्डिस गाडीत माझ्या शेजारी होती. चाळीस मिनिटं ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

मी तोवर निवृत्त झाले होते. केक आला नाही. गुरुवारी दुपारी आर्डिसकडे जाऊन बसायची सवय लागली होती. अशाच एका गुरुवारी, पूल उघडल्यानंतर महिन्याभराने, तिच्या पायऱ्यांवर बूट वाजले. दारात रॉस्को, हातात फुलं. "सहज आलो होतो," तो म्हणाला. मला बघून जरा चपापला. त्याला आत घेऊन आर्डिस दार लावते न लावते तोच पुन्हा बूट वाजले. लीलंड. त्याच्या हातात वाइनची बाटली.

दोघे कशाला आले होते ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पुढच्या वर्षी निवडणूक, आणि प्रत्येकाला आर्डिस आपल्या तिकिटावर हवी होती. ते एकमेकांसमोर बोलायची मात्र सोय नव्हती.

"बसा ना," आर्डिस म्हणाली. "दोघंही बसा. काही काम होतं का?"

"नाही नाही," रॉस्को म्हणाला.

"काम कसलं," लीलंड म्हणाला.

तिने कॉफी ओतली, रूबार्बच्या आंबट देठांची पाई कापली. दोघे समोरासमोर बसले. हवेबद्दल बोलले. यंदा हरणं कमी दिसतात यावर त्यांचं एकमत झालं. रॉस्को उठायला बघेना, कारण तो गेला तर लीलंड बोलणार. लीलंड उठेना, कारण तो गेला तर रॉस्को. पाईचा दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. कॉफीचं भांडं दोनदा भरावं लागलं. मी माझं विणकाम काढलं. दोन तास गेले. शेवटी दोघे एकाच वेळी उठले, एकाच दारातून खांदे घासत बाहेर पडले आणि आपापल्या गाडीत बसून राहिले, दुसरा आधी निघतोय का ते बघत.

आर्डिसने पडद्याच्या फटीतून बघितलं, मग पाईच्या रिकाम्या ताटाकडे.

"सगळी संपवली गं," ती म्हणाली. "तुला मिळाली का थोडी तरी?"

"नाही."

"मला पण नाही," असं म्हणून तिने पिठाचा डबा खाली काढला.